ही जांभई कुणाची?

मैत्रीण तिच्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगत होती आणि मला जांभई आली. हात तोंडावर नेऊन झाकता येईल अशी लहानशी नव्हती ती. जबडा कडकन वाजला, कानांत दडे बसले, डोळ्यांत पाणी आलं. मी ती गिळायला गेले तर नाकपुड्या फुगल्या आणि तोंड आणखीच वेडंवाकडं झालं. ती बोलता बोलता थांबली. "झोप झाली नाही का गं तुझी?" तिनं विचारलं. आवाजात राग असता तर मी माफी मागून मोकळी झाले असते. पण तिला खरंच माझी काळजी वाटली होती, आणि त्यापायी तिनं स्वतःची गोष्ट होती तिथंच सोडून दिली होती, वडिलांच्या उशाशी, ऑक्सिजनच्या नळीपाशी. "काही नाही गं, बोल तू," मी म्हटलं. तेवढ्यात दुसरी आली. मग तिसरी. उरलेलं तिनं पाच मिनिटांत आटोपलं, घड्याळाकडं पाहिलं आणि निघाली.

गंमत म्हणजे मला झोप आलेलीच नव्हती. कंटाळाही आला नव्हता, निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं. रात्री उगाच अपराधी वाटून मी कपाटातलं औषधाचं खोकं काढलं आणि आतला घडीचा कागद पहिल्यांदा पूर्ण उलगडला. तो कागद एकदा उलगडला की पुन्हा जुन्या घड्यांत बसत नाही, खोक्यात तर नाहीच नाही. मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. मळमळ, जुलाब, तोंडाला कोरड, घाम, हाताला कंप. झोप न येणे आणि झोप फार येणे, दोन्ही एकाच यादीत, म्हणजे कंपनीनं कुणालाच तक्रारीला जागा ठेवली नव्हती. आणि मधेच कुठंतरी, अगदी साध्या सरळ शब्दांत: जांभया येणे.

सर्ट्रालिन, म्हणजे उदासीवरची गोळी, सुरू होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

पहिल्यांदा इतकं हायसं वाटलं की मी अंधारात एकटीच हसले. म्हणजे मी निर्दयी झालेली नाही, गोळीला जांभई आली होती! पण हे समाधान सकाळपर्यंतही टिकलं नाही. जांभई गोळीची म्हणावी, तर मग गेल्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी मी गाणं गुणगुणले होते, ते कुणाचं? बांधलेल्या पगाराच्या माणसासारखी मी हिशेब मांडायला बसले. हे माझं, हे गोळीचं. तो हिशेब अजून जुळलेला नाही.

सुरुवात कशी झाली हे सांगण्यासारखं फार काही नाही, आणि तीच तर अडचण होती. कुणी गेलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं. पहाटे चारला टक्क जाग यायची आणि सहापर्यंत छताकडं बघण्यात वेळ जायचा. एकच ओळ पाच वेळा वाचायची. आंघोळीला जायचं म्हणजे टॉवेल घ्यायचा, दार लावायचं, पाणी तापलंय का बघायचं, कपडे काढायचे, एवढी सगळी कामं त्यात असतात हे मला आधी कधी जाणवलंच नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. ते मला ऐकू यायचं, तो घट्ट केला की थांबेल हेही कळायचं, आणि मी उठत नव्हते. डॉक्टरांनी पुढं सरकवलेल्या कागदावर नऊ प्रश्न होते, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मला १८ मिळाले. शाळेनंतर कुठल्या परीक्षेत एवढे गुण पडल्याचं आठवत नाही.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मला तेव्हा अगदीच अस्थानी वाटला. "आयुष्यात कधी असे दिवस आले का, की रात्री तीन तासच झोपलात तरी थकवा नाही, डोक्यात कल्पनांची रांग, हातातून पैसा भराभर सुटतोय?" नाही, म्हटलं, उलट हेवा वाटतो ऐकून. त्या हसल्या नाहीत. ज्यांचं मन दोन्ही टोकांना जातं, त्यांना नुसती ही गोळी दिली तर ती दुसऱ्या टोकाला ढकलू शकते, म्हणून आधी विचारावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. घरात कुणाला असं होतं का, हेही विचारलं. डोकं दुखलं की मी आयब्युप्रोफेन घेते म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. रक्त गोठवण्याचं काम करणाऱ्या प्लेटलेटही सेरोटोनिन वापरतात, ही गोळी ज्या रसायनावर काम करते तेच. गोळीमुळं त्यांच्याकडचा साठा कमी होतो, आणि वर असली वेदनाशामकं घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मी आले होते मनाची तक्रार घेऊन, आणि गप्पा चालल्या होत्या रक्ताच्या आणि पोटाच्या. पुढं वाचनात आलं की सेरोटोनिन हे नावच मुळी रक्तावरून पडलंय. १९४८ मध्ये ते वेगळं काढलं गेलं ते रक्ताच्या सीरममधून, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ म्हणून. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन असतं आतड्यात. मेंदूच्या वाट्याला त्यातलं अगदी थोडं येतं, पण नाव सगळं त्याचंच झालंय.

आतड्याचा वाटा किती मोठा आहे हे मला पहिल्या आठवड्यातच समजलं. पहिले सात दिवस २५ मिलिग्रॅम, मग ५०. सकाळी गोळी घेतली की तासाभरात पोट ढवळायला लागायचं, बोटीत बसल्यासारखं. तळहाताला घाम. आणि एक विचित्र हुळहुळ, जणू कुणीतरी दुसऱ्या खोलीतून माझं नाव घेतंय आणि मी उठून जायला हवंय. "पहिले दोन आठवडे दातओठ खाऊन काढा," डॉक्टर म्हणाल्या होत्या. ते मी फारच शब्दशः घेतलं असावं. नवरा एका सकाळी म्हणाला, "अगं, रात्रभर करकर आवाज येतो, दात खातेस तू झोपेत." तेही यादीत निघालं. या औषधाचा हा उलटा न्याय मला अजूनही खटकतो: आधी त्रास रोख द्यायचा, गुण उधारीवर, तोही मिळालाच तर. पहिल्याच दिवशी, काही तासांतच गोळी आपलं काम चोख सुरू करते. चेतापेशी जे सेरोटोनिन बाहेर सोडून पुन्हा आत ओढून घेतात, ती ओढायची वाट ती अडवते. पण मनापर्यंत ते पोचायला दोन, चार, कधी सहा आठवडे. एक समज असा, की बाहेर साठा वाढलेला पाहून पेशी आधी हात आखडता घेतात आणि काही आठवड्यांनी तो आवर सैल होतो. दुसरा असा, की या काळात पेशींचे आपसांतले धागे नव्यानं विणले जातात. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं म्हणून उदास वाटतं, गोळी ते भरून काढते' ही टाकीत पेट्रोल भरण्याची गोष्ट ऐकायला सोपी, पण तिला भक्कम पुरावा नाही, आणि डॉक्टरही आता ती फारशी सांगत नाहीत. मला मात्र ती आवडायची. टाकी रिकामी असण्यात माझा काही दोष नव्हता.

चोविसाव्या की पंचविसाव्या दिवशी मी उठले आणि नळ घट्ट केला.

एवढंच. ऊन पडलं नाही, वाद्यं वाजली नाहीत. घट्ट करून परत खुर्चीत येऊन बसले आणि मग लक्षात आलं की आवाज थांबलाय. तीन महिने तो नळ ठिबकत होता.

आता हा नळ कुणी बंद केला? मोठमोठ्या चाचण्यांतही हाच घोळ होतो हे वाचून मला जरा धीर आला. २०१८ मध्ये उदासीवरच्या २१ गोळ्यांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांहून जास्त माणसं. सगळ्याच्या सगळ्या गोळ्या औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या, पण फरक बेताचाच. कारण खोट्या गोळीनंही पुष्कळांना बरं वाटत होतं. कुणाला काळानं बरं केलं असेल, कुणाला दर आठवड्याला कुणीतरी 'कसं वाटतंय' विचारतंय यानं. माझ्या बाबतीत खोटी गोळी घेणारी दुसरी मी कुठं उपलब्ध नव्हती. असती तर तिच्याकडं जाऊन नळ बघून आले असते.

शिवाय या औषधांचा उगमच मुळात दुष्परिणामातून झालाय. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड देऊन पाहत होते. खंगलेली, महिनोन्‌महिने खाटेला खिळलेली माणसं. ती हसायला-बोलायला लागली, जेवण जास्त मागायला लागली, वॉर्डात नाचली म्हणतात. क्षयाच्या दृष्टीनं हा औषधाचा नको असलेला परिणाम. काही वर्षांतच तेच औषध उदासीवर द्यायला लागले आणि परिणाम यादीतून उचलून मथळ्यात गेला. पुढं ते यकृताला बाधतं म्हणून मागं पडलं, ती गोष्ट वेगळी. मला ते वॉर्डातले लोक फार आठवतात, पाहिलेले नसूनही. त्यातल्या कुणाला तरी रात्री प्रश्न पडला असेल का, की आज नाचलं ते कोण?

यादीतली एक ओळ मी वाचूनही न वाचल्यासारखी केली होती. नवऱ्याशी जवळीक. इच्छा मंदावली होतीच, पण ती आजारातही मंदावलेली होती, त्यामुळं तो दोष कुणाच्या खात्यावर टाकायचा कळेना. खरा घोटाळा पुढचा होता: सगळं नीट चाललेलं असताना शेवट यायचाच नाही. शिंक अडकावी तसं. येते येते म्हणता नाकातच विरून जावी. तीन-चार वेळा असं झाल्यावर नवरा पाठ करून झोपायला लागला. रागानं नाही, त्याला वाटलं, आता मला तो आवडत नाही. मी त्याला समजवायला हवं होतं आणि मी दोन महिने गप्प राहिले, कारण बरं वाटायला लागलंय म्हणून घरात सगळे खूश होते आणि त्यात हे कुठं मधे काढायचं? शेवटी डॉक्टरांना सांगितलं, तेही निघताना, दाराची मूठ धरून. त्या म्हणाल्या, बसा. मग शांतपणे म्हणाल्या की हे खूप जणांना होतं, आणि विचारल्याशिवाय फारच थोडे सांगतात. डोस कमी करून बघता येतो, औषध बदलता येतं, या बाबतीत कमी त्रास देणारी औषधं आहेत. थोड्या लोकांना गोळी बंद झाल्यावरही ही तक्रार राहते, हेही त्यांनी लपवलं नाही. मला राग आला तो एकाच गोष्टीचा. हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? मळमळीबद्दल सांगायला तोंड होतं. आणि ज्या पुरुषांना शेवट फार लवकर येतो, त्यांना डॉक्टर याच जातीच्या गोळ्या मुद्दाम देतात, म्हणजे माझा दुष्परिणाम हा दुसऱ्या कुणाचा उपचार. त्या रात्री नवऱ्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी नाही ना?" इतक्या लहान मुलासारखं विचारलं त्यानं, की मला रडू यायला हवं होतं.

आलं नाही.

हे मला सगळ्यात जास्त टोचतं. रडू येईल असं वाटायचं, घशापर्यंत यायचं आणि तिथून परत जायचं. आधीची मी जाहिराती पाहून रडणारी. ते दिवस परत हवेत असं अजिबात नाही. पहाटे चारचं छत मला कुणी फुकट दिलं तरी नको. पण माझा संतापही गेला होता, आणि तो माझ्या कामाचा होता. कार्यालयात कुणी माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं, मी पाहिलं, मनात म्हटलं 'हं', आणि जेवायला गेले. सहकारी म्हणाली, किती शांत झालीस गं तू. तिनं कौतुकानं म्हटलं होतं. आणि त्या दिवशी मैत्रिणीसमोर बसलेली असताना, तिच्या वडिलांची नळी, त्यांचे सुजलेले पाय, त्यांनी शेवटी मागितलेला चष्मा हे सगळं ऐकताना, एरवी मी तिच्याही आधी रडले असते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं खरं, पण ते जांभईचं होतं.

मग एकदा गोळीशिवाय मी कोण आहे ते बघायची संधी आपोआप आली. चार दिवसांसाठी बाहेरगावी गेले आणि स्ट्रिप घरी राहिली. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्ता ओलांडताना उजवीकडं पाहिलं आणि डोक्यात झिणझिणीत झटका बसला, टीव्हीची वायर सैल झाल्यावर चित्र क्षणभर उडतं तसा. डोळे बाजूला वळवले की पुन्हा. रात्री स्वप्नं इतकी स्पष्ट की सकाळी त्यांतल्या माणसांना फोन करावासा वाटावा. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाच्या मोठ्यानं बोलण्यावर मी एवढी चिडले की हात थरथरले, आणि एक क्षण आनंद झाला: आली, माझी चीड परत आली! पण ती माझी नव्हती. ती गोळी नसल्याची होती. सर्ट्रालिनचं शरीरातलं प्रमाण साधारण २६ तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळं दोन-तीन दिवसांतच शरीराला कळतं की कुणीतरी निघून गेलंय. याच जातीचं फ्लुओक्सेटिन त्या मानानं आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, ते विसरलं तरी एवढं जाणवत नाही. घरी आल्यावर फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लागली ना सवय शेवटी? मी म्हणतच होते." तिच्या लेखी सगळ्या मनाच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या. आई, सवय म्हणजे आणखी हवीशी वाटणं, मला ती कधीच हवीशी वाटलेली नाही, शरीर फक्त तिला धरून चालायला शिकलंय, असं बरंच काही मी बोलले. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बंद केल्यावर झटके कशाचे येतात?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडं चांगलं उत्तर आहे, पण तिच्या आवाजातल्या काळजीला नाही.

त्याच सुमारास भाचीनं विचारलं होतं, "मावशी, तुझी एक स्ट्रिप देशील? मलाही हल्ली काही करावंसंच वाटत नाही." ती १९ वर्षांची. माझा हात खरोखर कपाटाकडं गेला होता, हे कबूल करायला लाज वाटते. मला गुण आलाय म्हटल्यावर आपल्या माणसाला द्यावासा वाटणारच. अमेरिकेत २००४ पासून या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापतात, लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी; २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. या वयात काहींच्या मनात सुरुवातीच्या काळात जीव द्यायचे विचार वाढू शकतात. मला माझी ती पहिल्या आठवड्यातली हुळहुळ आठवली. मन अजून विहिरीच्या तळाशी आणि पायांत मात्र बळ आलेलं. तिला ही गोळी मिळूच नये असं नाही, पण तेव्हा कुणीतरी दर आठवड्याला तिच्या डोळ्यांत बघणारं हवं. मी स्ट्रिप आत ठेवली आणि तिच्याबरोबर डॉक्टरांकडं गेले. तिला आधी गोळी न देता बोलण्याच्या सत्रांना बोलावलं. मला थोडा हेवा वाटला.

बरं वाटायला लागल्यावरही मी नऊ महिने गोळी चालू ठेवली. आता उतरवणं चालू आहे. ५० वरून २५ वर येताना फारसं काही झालं नाही, पण डॉक्टर म्हणतात खरी पायरी पुढं आहे, कारण लहान डोसही मेंदूत बरीच जागा अडवून असतो, शेवटचा तुकडा सोडतानाच जास्त जाणवतं. म्हणून सध्या २५ ची अर्धी. गोळीवर मधोमध रेघ असते, तरी नखानं दाबली की सारखे दोन तुकडे होतीलच असं नाही. एक मोठा, एक लहान, आणि बोटावर पांढरी पूड. आज मोठा घेतला की उद्या लहान. पूड मी जिभेवर घेते. कडू लागते आणि जीभ जराशी बधिर होते.

परवा मैत्रिणीचा फोन होता. वर्षभर मनात साठलेलं मी अखेर सांगून टाकलं: ती जांभई, तो कागद, सर्ट्रालिन, सगळंच. डोळ्यांतलं पाणी कशाचं होतं, तेही. पलीकडं शांतता. मग ती हसायला लागली. "अगं, त्या दिवशी मी तुला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते. दोनदा फोनवर झाली होती. माझी मलाच नंतर ऐकवेना, म्हणून उठले मी."

"तिसऱ्यांदा?"

"तू प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यासारखं 'अरे देवा' म्हणत होतीस."

मला आधीच्या दोन वेळा आठवत नव्हत्या. आजही आठवत नाहीत. हे कुठल्या यादीत असेल, गोळीच्या की त्याआधीच्या दिवसांच्या, याचा मी विचार करत होते, आणि ती तोवर वडिलांच्या चष्म्याबद्दल काहीतरी सांगायला लागली होती; तो अजून तिच्याच टेबलावर आहे, काच पुसते ती अधूनमधून. हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते, याची मला खात्री होती. आणि ऐकता ऐकता जबडा हळूच उघडायला लागला. फोन लांब धरायच्या आत आवाज गेलाच.

ती थांबली. "ही कुणाची?"

"थांब," मी म्हटलं, "आठवू दे, आज मोठा तुकडा घेतला होता की लहान."